शिंगणापूरचे तात्या समुद्रावर

दरवर्षी डिसेंबर लागला की आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये माळ्यावरून तंबू खाली उतरतो. उतरवतो मी, म्हणजे स्टुलावर मी चढतो, स्टूल बायको धरते आणि 'बाबा, डावीकडे, अजून डावीकडे' हे मुलगी पलंगावर पडून सांगते. तंबू गॅलरीत झटकला की वाळू पडते. मागच्या खेपेला कितीही झटकून ठेवलेला असो, पडतेच. खालच्या मजल्यावरच्या बाई मान वर करतात, मी चटकन आत सरकतो, आणि तेवढ्यात घरातलं कोणीतरी तात्यांचं नाव काढतं.

तात्या म्हणजे माझे सासरे. शिंगणापूरचे. नगरच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरे. बाहेरच्यांसाठी सांगतो, शनिदेवाच्या त्या गावात घरांना दारं लावायची पद्धत नाही. चौकट असते, उंबरा असतो, मधे नुसती हवा. कुत्रं शिरू नये म्हणून एखादी फळी आडवी टेकवतात, झालं. तात्यांचा सगळा जन्म त्या हवेत गेला. आणि मी विमा कंपनीत क्लेम तपासणारा माणूस. कुलूप तुटलं होतं की उघडलं होतं, खिडकीला गज होते का, चावी कोणाकडे होती, हे विचारण्यात माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली. घरातून निघताना मी कुलूप लावतो, ओढून बघतो, जिन्यापर्यंत जातो, परत येतो आणि पुन्हा ओढतो. बायको तोवर खाली स्कूटर चालू करून उभी असते. असल्या माणसाला देवानं सासरा द्यावा तर शिंगणापूरचा.

पहिल्या दिवाळसणाला मी तिथे गेलो तेव्हा झोपताना बॅगेचा पट्टा पायाला गुंडाळून घेतला होता. सकाळी बॅग जागेवर होती, पट्टा जागेवर होता, सासुरवाडीसाठी खास घेतलेल्या नव्या बुटांपैकी एक मात्र नव्हता. कुत्र्यानं नेला होता. मी तोंड पाडून बसलो. तात्यांनी फार शांतपणे समजावलं, "जावईबापू, मानसाला देवाचं भ्या आसतं. कुत्र्याला कसलं?"

एवढं बोलून ते उसात शिरले. दुपार टळायला आली तेव्हा बूट घेऊनच बाहेर आले. टाचेकडून चावलेला होता. तो त्यांनी धुतला, उन्हात वाळवला, आणि आहेर द्यावा तसा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. तो मी पुढे दोन वर्षं घातला. टाच दिसू नये म्हणून लांब पँट शिवून घेतली.

तात्यांना मिटवणं, झाकणं, बंद करणं ही क्रियापदंच ठाऊक नव्हती. लोणच्याची बरणी उघडी, टूथपेस्ट उघडी, पेन उघडं, शर्टाची वरची दोन बटणं बाराही महिने उघडी. घरात कोणी येतंय अशी चाहूल लागली की कोण आहे हे दिसायच्या आधी ते "या" म्हणायचे. मोबाईल आल्यावरही हॅलो नाही, "या." पलीकडचा माणूस गोंधळायचा. बँकेतून कर्ज हवंय का विचारणाऱ्या पोरीलाही त्यांनी "या" म्हटलं होतं आणि कुठून यायचं, घोडेगावला कुठली गाडी पकडायची, हे नीट सांगितलं होतं. ती आली नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरानं तात्या घरात चक्कर येऊन पडले. रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्यानं चौकटीतून पाहिलं, पुतण्याला, बाळूला, हाक मारली, तासाभरात ते दवाखान्यात होते. फार काही नव्हतं, रक्तदाब. पण माझ्या बायकोनं, वर्षानं, धसका घेतला. एकुलती एक मुलगी. ती गेली आणि तात्यांना त्यांच्या पिशवीसकट सावेडीला घेऊन आली. "थंडी सरंस्तवर," तात्या म्हणाले. "कायमचं," वर्षा म्हणाली. या दोन शब्दांवरून आमच्या घरात पुढे जे चाललं ते एखाद्या दिवाणी दाव्यासारखं होतं. तारखा रोज, निकाल नाही.

तात्यांनी आल्या दिवशी फ्लॅटचं दार उघडलं आणि त्यासमोर खुर्ची टाकून बसले. चार मजल्यांच्या इमारतीत मी तोवर अकरा वर्षं राहत होतो आणि समोरच्यांचं आडनाव मला पाटीवरून माहीत होतं. तात्यांना आठवड्यात सगळ्यांची गावं, दुखणी आणि सुनांची माहेरं पाठ झाली. कुरिअरवाले, गॅसवाले, मीटर बघणारे आमच्याकडे चहा पिऊन वर जायला लागले. एकदा मी ऑफिसातून आलो तर सोफ्यावर एक अनोळखी माणूस तोंडावर रुमाल टाकून झोपलेला. तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. चाकनवरनं उभ्यानं आलाय बिचारा."

"कोण आहे?"

"इचारलं न्हाई. झोप आल्ती त्याला."

तो पाण्याची मशीन विकणारा निघाला. उठला, तोंड धुतलं, तात्यांच्या पाया पडला आणि मशीन न विकता गेला. मी त्या दिवशी कपाट, दागिन्यांचा डबा, गॅसची शेगडी, सगळं जागेवर आहे का बघितलं. शेगडी का बघितली ते मला सांगता यायचं नाही.

हे असं हसतखेळत कदाचित चाललंही असतं. पण दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखकाकू घरात पडल्या. एकट्या राहायच्या, आतून कडी. मुलाचा फोन उचलेनात म्हणून त्यानं खाली फोन केला, माणसं जमली, बेल वाजवली, शेवटी सुतार आणून कडी तोडावी लागली. काकू वाचल्या, मुलगा त्यांना घेऊन गेला. सुतार येईपर्यंत तात्या त्या दाराशी उभे होते. ते खाली आले. आपली खाट ओढत आणून त्यांनी आमच्या पुढच्या दारासमोर लावली, आणि त्या दिवसापासून धोशा धरला.

"वर्षे, मला गावाला सोड."

"तिथं तुम्ही एकटे."

"मी कुठं एकटा? अख्खा गाव हाय."

"गाव काय पाणी देणारे उठून?"

"देतं की."

मग वर्षा स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात घासायची. तिची भीती मला कळत होती. पडले तेव्हा दूधवाला गेला म्हणून कळलं. तो गेला नसता तर, या वाक्याच्या पुढे तिला जाताच यायचं नाही.

यातून वाट काढली आमच्या मुलीनं. ऋतुजा पुण्यात नोकरी करते, आणि सुट्टीत घरी झोपायचं सोडून कुठे कुठे भटकते. ती म्हणाली, आपण कोकणात जाऊ, किनाऱ्यावर तंबू टाकू, मासे पकडू, लाटांवर फळी घेऊन उभं राहायला शिकवतात ते शिकू. मला वाटलं तात्या नाही म्हणतील. मी स्वतः 'नाही' तोंडात तयार ठेवलं होतं. पण वर्षानं मधेच सौदा केला. "तात्या, चला आमच्याबरोबर. परत आलो की काय ते ठरवू."

"ठरवू न्हाई. मी सांगनार, तू ऐकनार."

"ऐकीन. पण चार दिवस आमच्यात राहून बघा मोकळ्या मनानं."

"मन मोकळंच हाय माजं," शर्टाच्या उघड्या बटणांवर हात ठेवत तात्या म्हणाले.

वर्षाचा हिशोब असा, की नातीबरोबर चार दिवस मजेत गेले की म्हातारा विरघळेल. तात्यांचा हिशोब त्यांच्या पिशवीवरून कळला. चार दिवसांसाठी त्यांनी आणलेले सगळे कपडे, पांघरूण, सासूबाईंचा फोटो, सगळं भरलं होतं. सावेडीत मागे काहीच ठेवलं नव्हतं.

गाडी मी चालवत होतो. पुढे वर्षा, मागे तात्या आणि ऋतुजा, टपावर तंबू. चहाला थांबलो की मी उतरून किल्लीचं बटण दाबायचो, गाडी 'टुक' करायची, चार पावलं गेलो की शंका यायची, मी पुन्हा दाबायचो. शिरूरला तात्या काही बोलले नाहीत. साताऱ्याच्या अलीकडे मात्र न राहवून म्हणाले, "कितींदा इचारता त्या गाडीला, झोपलीस का म्हनून? झोपली आसली तरी उठंल ती."

कोल्हापूरच्या थोडं अलीकडे वर्षा एकदम ताठ झाली आणि अतिशय हळू आवाजात म्हणाली, "अहो, गाडी बाजूला घ्या." तिच्या पायावर गांडूळ होतं. तात्यांना मासे पकडायचे होते. कालव्यावर ते लहानपणापासून गळ टाकत आलेले. म्हणून त्यांनी बाळूकडून उसाच्या सरीतली गांडुळं मागवून घेतली होती. ती डब्यात घातली होती, डबा सीटखाली ठेवला होता आणि डब्याला, सांगायला नकोच, झाकण नव्हतं. हायवेच्या कडेला गाडीची चारही दारं उघडून आम्ही गांडुळं गोळा केली. दारं चारही एकदम उघडी असलेली ती गाडी तात्यांनी जराशी लांब उभं राहून डोळे भरून पाहिली. "आता कशी घरासारखी दिसती," म्हणाले. एक गांडूळ माझ्या सीटखाली पोचलं होतं. ते कधी सापडलं नाही, वासावरून ते तिथेच राहिलं असावं.

फोंडा घाट उतरून देवगडच्या बाजूला एका लहानशा गावाशी पोचलो. पार्वतीकाकी म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या माडांच्या बागेपुढे सुरूची झाडं, पुढे वाळू, पुढे समुद्र. झाडांखाली तंबू टाकायचा, पाणी आणि संडास काकींचा, जेवण सांगितलं तर त्याही करणार. तात्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मी कान टवकारून बसलो होतो, काहीतरी मोठं बोलतील म्हणून. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला बांध न्हाई." शेतकऱ्याचा शेरा होता तो. पण त्यात कौतुक होतं.

तंबूच्या दाराला चेन असते. ऋतुजानं ती वर ओढून दार बंद करून दाखवलं. तात्यांनी आत बसून ती पुन्हा खाली ओढली, डोकं बाहेर आणि बाकी अंग आत, असे आडवे झाले. आजूबाजूची कुत्री येऊन त्यांच्या डोक्याशी झोपली. माझे बूट मी गाडीत ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाटांचा वर्ग होता. शिकवणारा काकींचा पुतण्या, अंगानं सुंभासारखा. त्यानं वाळूत फळीचा आकार काढला, त्यावर पालथं झोपायला लावलं आणि म्हणाला, एका दमात उठून उभं राहायचं. ऋतुजा उठली. वर्षा, ठेचकाळत का होईना, उठली. मी उठलो, पण पोट मागाहून आलं. पाण्यात तर मी लाटेवर एकदाही चढलो नाही. लाटाच माझ्यावर चढल्या. एकीनं मला फळीसकट आणून थेट तात्यांच्या पायाशी टाकलं.

"या," तात्या म्हणाले.

मग तात्याच पाण्यात आले. विहिरीत पोहलेला माणूस. पाठीला डबा बांधून गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी विहिरीत ढकललेलं होतं. त्यांनी टोपी काढली नाही. फळी हातात घेतली, तिच्यावर उताणे पडले, हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. लाट यायची, त्यांना अलगद वर घ्यायची, खाली ठेवायची. शिकवणारा ओरडत होता, "आजोबा, उभे रहा, उभे." तात्यांनी डोळे न उघडता विचारलं, "उभं कशापायी ऱ्हायचं? येवढी चांगली खाट हाय."

आता मुद्द्याचं. पोहायच्या चड्डीला खिसा नसतो. आणि गाडी डोळ्यांसमोर नसली की मला पोहता काय, श्वासही घेता येत नाही. म्हणून सकाळी, फळ्या न्यायचं निमित्त करून, मी गाडी झाडांखालून काढून खाली आणली होती, पार ओल्या वाळूपर्यंत. ओली वाळू घट्ट असते, चाक रुतत नाही, एवढं मला कळलं. ती ओली का असते याचा विचार नगरच्या माणसाच्या डोक्यात येत नाही. आमच्याकडे मुळा धरणाचं पाणी सुटणार असेल तर आधी पेपरात छापून येतं. समुद्राचं मला कोणी कळवलं नव्हतं. किल्ली मी तात्यांकडे दिली, सांभाळा म्हणून.

वर्ग संपल्यावर आम्ही गळ घेऊन खडकांकडे गेलो. किनारा जिथे वळतो तिथे, पलीकडच्या अंगाला. तात्या एका खडकावर मांडी घालून बसले ते हललेच नाहीत. मी, वर्षा, ऋतुजा दर थोड्या वेळानं जागा बदलत होतो. मासा तात्यांनाच लागला, वीतभर, चांदीच्या पत्र्यासारखा. त्यांनी तो बादलीत सोडला. मी म्हटलं, बादलीवर काहीतरी झाका. त्यांनी झाकलं नाही. माशानं दोन गिरक्या घेतल्या, उडी मारली, खडकावर आपटला, आणखी एक उडी आणि समुद्रात.

"सांगत होतो मी," मी म्हणालो.

"गेला तर गेला," तात्या म्हणाले. "त्याचं घर इथंच हाय."

वर्षानं गळ गुंडाळायला घेतला. "चला, ऊन झालं," एवढंच म्हणाली.

वळण ओलांडून आलो तर गाडी नव्हती. गाडी नव्हती आणि ती जिथे लावली होती ती जागाही नव्हती. तिथे गुडघाभर पाणी होतं. मी खिसे चाचपायला लागलो, म्हणजे जिथे खिसे असतात तिथली चड्डी. तात्यांना विचारलं, किल्ली कुठे आहे.

"गाडीत."

"गाडीत कुठे?"

"जिथं लावत्यात तिथं. गाडीची चावी दुसरीकडं कुठं ठिवायची?"

"आणि दारं?"

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही. दुसऱ्याला पॉलिसीचा कोणता नियम वाचून दाखवला असता तो, किल्ली आत सोडली तर क्लेम नाही हा, मला आठवला, आणि तो स्वतःला वाचून दाखवत मी वाळूत उकिडवा बसलो. वर्षा मात्र बसली नाही. ती तात्यांपुढे उभी राहिली, आणि ज्या आवाजात तिनं त्यांच्याशी कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं त्या आवाजात म्हणाली, "म्हणून. म्हणून मी तुम्हाला तिथं एकटं सोडत नाही, तात्या. कळलं आता?"

तात्यांनी टोपी काढली. पाण्यातही न काढलेली टोपी काढून त्यांनी ती पिळली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "कळलं."

दाव्याचा निकाल लागला होता. वर्षाच्या बाजूनं. तिचा चेहरा बघून तसं वाटत नव्हतं.

इतक्यात माडांमधून हाक आली. पार्वतीकाकी हात हलवत होत्या. "अवो, हयसर या. गाडी हयसर आसा."

गाडी काकींच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माडाखाली उभी होती. चाकांना वाळू, दारांपर्यंत खारट पाण्याची रेघ, आणि टपावर कोणीतरी वाळत घातलेलं जाळं. काकी सांगायला लागल्या. "चाकाक पाणी लागला तेवा आमी बघितलंव. म्हटलंय, गेली ही. पोरांनी दार ओढल्यानी, तर उघडाच. चावी आत. म्हणान वर काढूक गावली. लॉक आसता तर काच फोडूची लागली असती, नायतर सोडूची. तसली धूड ढकलूक जमता काय?" मग माझ्याकडे वळून, "पौर्णिमा जवळ इली. असल्या दिसांनी गाडी थयसर कोण लावता?"

लावणाऱ्यानं मान खाली घातली.

मला वाटलं आता तात्या बोलणार. मी त्यांच्या जागी असतो तर पुढचे सहा महिने दुसरं काही बोललोच नसतो. जावयानं गाडी समुद्रात नेऊन ठेवली आणि सासऱ्याच्या उघड्या दारानं ती वाचवली. असा क्लेम माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. पण तात्या काकींच्या पोरांपुढे हात जोडून आले आणि बादलीनं गाडीवर गोडं पाणी ओतायला लागले. मीठ चढतं म्हणाले.

संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली काकींनी दिलेले बांगडे वर्षा तव्यावर टाकत होती. ऋतुजा फळी घेऊन पुन्हा पाण्यात गेली होती. मी गाडीतला कोपरा न् कोपरा कोरडा करत थोडा लांब होतो, पण ऐकू येत होतं.

"तात्या, मी मघाशी बोलले ते..."

"बराबर बोललीस. बाई चांगली निगाली म्हनून. दुसरं कुनी आसतं तर गाडी गेली आसती."

"मग तरी उघडं ठेवता?"

तात्यांनी वाळूत काडीनं रेघा ओढल्या. "चोराला काय, तो कुलूप तोडूनबी येतो. जावईबापूंना इचार, त्यांचं पोटच त्येच्यावर हाय. पन मदतीला आलेला मानूस कुलूप तोडत न्हाई. तो दार वाजवतो, वाट बघतो आन माघारी जातो."

वर्षानं बांगडा उलटला.

"त्या देशमुखबाई," तात्या म्हणाले. "तुमी समदे बेल वाजवत हुता, मी दाराला कान लावला हुता. आवाज येत हुता, वर्षे. आतनं म्हनत हुती, 'आले, आले.' उठाया येत नव्हतं तिला, आन ती आपली म्हनतीया, 'आले हं, आले.' आमी अर्धा हात लांब. सुतार येईस्तवर ती तसंच म्हनत हुती. मला मरायचं भ्या न्हाई वाटत. पर मला आसं 'आलो, आलो' म्हनत पडायचं न्हाई."

वर्षानं उलथनं खाली ठेवलं. मग वर्षा म्हणाली, "आपल्याकडं ठेवू की दार उघडं. दिवसरात्र."

"जावईबापूंना झोप यील?"

मी लांबूनच म्हणालो, "येईल."

दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आधी वर्षा हसली, मग तात्या, आणि इतकं हसले की शेवटी मलाही हसावं लागलं. बांगडे करपले. तसेच खाल्ले.

उरलेले दिवस त्या विषयावर कोणी बोललं नाही. तात्या सकाळी फळीवर पडायचे, दुपारी गळ टाकायचे. मी गाडी गावच्या देवळाशी, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या तालुक्यात लावली. निघताना तात्यांनी काकींकडून तेलाचा रिकामा कॅन मागून घेतला, समुद्रात उतरून तो भरला आणि डिकीत ठेवला. गावात बरीच म्हातारी माणसं होती, म्हणाले, ज्यांनी हे पाणी बघितलेलं नाही. मी उतरून झाकण आवळलं. पाहुण्याचा मान राखावा तसं त्यांनी मला ते करू दिलं.

परतीला शिरूरपासून वर्षानं गाडी घेतली. मी शेजारी, मागे ऋतुजा झोपलेली, तात्या जागे. नगरात शिरलो. दुकानं लागली, ओळखीची होर्डिंगं लागली, सावेडीकडे जायचं वळण आलं आणि गेलं. मी वर्षाकडे पाहिलं. ती समोर बघत होती. मी तोंड उघडलं आणि, आयुष्यात क्वचित सुचतं तसं सुचून, मिटलं.

बऱ्याच वेळानं मागून आवाज आला. "वर्षे, वळन मागं ऱ्हायलं."

"ठाऊक आहे मला."

शिंगणापूरच्या वाटेवरचा पांढरीपूल आला. मग तात्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि ऋतुजाच्या अंगावरची शाल, ती नीटच होती, पुन्हा नीट केली.

त्यानंतर दोन हिवाळे ते आमच्याबरोबर समुद्रावर आले. शिंगणापूरहून त्यांना घ्यायचं, शिंगणापूरला सोडायचं, हे न बोलता ठरून गेलं. वर्षा दर रविवारी जाऊन यायची. एका श्रावणात, पहाटेचा चहा घेऊन येताना बाळूच्या बायकोनं रस्त्यातूनच त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचं पाऊल उचलेना. आम्ही पोचेपर्यंत घर माणसांनी भरलं होतं, शेजारच्या बाया त्यांच्या उशाशी बसल्या होत्या, कोणीतरी त्यांच्या गायीला वैरण टाकली होती. कोणाला बोलवायला कोणी गेलं नव्हतं. वर्षा त्या दिवशी रडली ती फक्त त्यांच्या जाण्यानं. दूधवाला गेला नसता तर, हे वाक्य तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

मला तात्या शेवटचे दिसले ते त्याआधीच्या जानेवारीत, समुद्रावरून त्यांना आणून सोडलं तेव्हा. पहिल्या वर्षापासून ते दरवेळी कॅन भरून आणायचे. आम्ही पिशव्या आत ठेवल्या, चहा झाला, निघालो. ऊन कलत आलं होतं. ओट्यावर पाचसहा म्हातारे रांगेनं बसले होते. तात्या एकेकाच्या तळहातावर समुद्र ओतत होते. पहिल्यानं चाटलं आणि त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की दुसऱ्यानं हात मागे घेतला. "घे रं, इख न्हाई ते," तात्या म्हणत होते. "लई हाय तिकडं. कितीबी हाय." एक जण थुंकत होता, एक जण हसून खोकत होता, आणि एकानं, बहुधा ऐकू कमी येत असावं, दुसऱ्यांदा हात पुढे केला.

वर्षानं गाडी चालू करून ठेवली होती. काच खाली घेऊन ती त्यांच्याकडे बघत होती. वर बघतील, हात करतील, मग निघू, असं असावं. तात्या आपल्या माणसांत गुंतले होते. ती थोडा वेळ थांबली, मग तिनं गिअर टाकला.